डाळिंबाची मर आणि मातीतले जीवजंतू : सांगोला तालुक्यातील एका बागेचे प्रकरण

सांगोला तालुक्यात, मंगळवेढ्याकडच्या अंगाला असलेल्या एका गावातील साडेतीन एकर डाळिंब बागेचे हे प्रकरण आहे. बाग भगवा वाणाची, गुटी कलमांपासून लावलेली आणि सहाव्या वर्षात आलेली होती. शेती दोन भावांची असली तरी कारभार थोरल्या भावाकडे आणि खते-औषधांचा व्यवहार पुतण्याकडे होता. कुटुंबाच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत. लागोपाठ दोन पावसाळ्यांत बागेच्या उताराकडील बाजूला झाडे वाळू लागली. आधी एखादी फांदी पिवळी पडे, मग अर्धे झाड मान टाकी, आणि थोड्याच दिवसांत ते फळांसकट उभे वाळून जाई. या मर रोगावर दुकानात मिळणारी बहुतेक सगळी जैविक औषधे घरच्यांनी एकामागून एक वापरून पाहिली होती. पुतण्याने विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता : "सर, ट्रायकोडर्मा सोडला, सुडोमोनास सोडला, मायकोरायझा दिला, जीवामृत तर चालूच आहे. आता ह्यात अजून कुठला जिवाणू सोडायचा राहिलाय?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जिवाणूंच्या यादीपेक्षा जमिनीच्या अवस्थेकडे पुन्हा पुन्हा यावे लागले. बाहेरून सोडलेला जीव त्या मातीत काय खाणार, त्याला हवा कुठून मिळणार आणि एप्रिल-मे महिन्यांत तो कसा तग धरणार, याचा विचार आधी झालेला नव्हता. जमिनीच्या जैविक आरोग्याची चर्चा आपल्याकडे बाटलीपासून सुरू होते आणि बहुधा बाटलीपाशीच संपते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

बाग आणि जमीन

सोलापूर जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे इथली मूळ शेती रब्बी ज्वारीची. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ पासून सुरू झाले, तेही याच कारणामुळे. डाळिंब या भागात रुजले ते हलक्या, मुरमाड, पाण्याचा झटपट निचरा होणाऱ्या जमिनींवर. ज्या माळावर दुसरे काही धड येत नव्हते, तिथे ठिबकच्या जोरावर डाळिंबाने पैसा दिला. पुढे २००५ मध्ये सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. भाव चढे राहिले तसे हे पीक माळावरून खाली उतरले आणि ज्वारीच्या खोल काळ्या रानातही लावले गेले. याच टप्प्यावर मरीचे प्रमाण वाढले, असे जुने बागायतदार सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात हा रोग १९९० च्या सुमारासच दिसू लागला होता.

प्रस्तुत बाग अर्धी माळावर आणि अर्धी रानात आहे. वरच्या अंगाला हात-दीड हातावर मुरूम लागतो. खालच्या अंगाला काळी माती पुरुषभर खोल असून बांधाच्या कडेला पावसाळ्यात पाणी तुंबते. लागवड मात्र दोन्हीकडे सारखीच. ठिबकची एकच नळी, ड्रिपर खोडाला लागून, आणि पाण्याची वेळही एकच. वरच्या अंगाला पाणी कमी पडू नये म्हणून ठरवलेला वेळ खालच्या अंगाला नेहमीच जास्त होत होता. दोन ओळींमधल्या पट्ट्यात वर्षातून अनेकदा रोटाव्हेटर फिरे आणि उरलेल्या तणावर तणनाशक. बाग मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलोरा धरणारी, असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडून ताण दिला जाई, म्हणजे ऐन उन्हाळ्यात जमीन उघडी, कोरडी आणि तापलेली राही. हवेचे तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेले की उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नाशी ओलांडतो, हे इथल्या अनवाणी चालणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही.

माती परीक्षणाचा अहवाल घरात होता. सामू (पीएच) आठच्या वर, चुनखडी भरपूर, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे 'कमी' या वर्गात, आणि स्फुरद (फॉस्फरस) मात्र 'जास्त' या रकान्यात. शेवटच्या नोंदीकडे कोणी लक्ष दिले नव्हते. विद्राव्य खतांच्या रूपाने ठिबकमधून वर्षानुवर्षे स्फुरद दिला गेला होता. चुनखडीच्या जमिनीत त्यातला बराचसा भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन पडून राहिला होता. मायकोरायझा ही बुरशी मुळाला स्फुरद आणून देते आणि बदल्यात त्याच्याकडून साखर घेते. मुळाला आयताच भरपूर स्फुरद मिळू लागला की ते या बुरशीला थारा देईनासे होते. एका हाताने मायकोरायझा आणि दुसऱ्या हाताने स्फुरदयुक्त खतांचा मारा, असे या बागेत दोन हंगाम चालले होते.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात बारा घटक तपासले जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या बारांत मातीतल्या जीवसृष्टीच्या जवळ जाणारा आकडा एकच, सेंद्रिय कर्बाचा. आणि तोही जीव किती आहेत हे सांगत नाही, फक्त त्यांच्या खाण्याची सोय किती आहे याचा अंदाज देतो. त्यामुळे पत्रिका हातात असूनही जैविक बाजू पाहण्यासाठी फावडे घेऊन खणण्याला पर्याय नव्हता.

झाडाखाली खणल्यावर

तीन झाडे निवडली : एक खालच्या अंगाचे अर्धे वाळलेले, एक त्याच ओळीतले वरून हिरवे दिसणारे, आणि एक माळावरचे धडधाकट. वाळत चाललेल्या झाडाचे खोड जमिनीलगत चिरल्यावर लाकडात तपकिरी-काळपट डाग आतून बाहेर पसरत गेलेले दिसले. सेरॅटोसिस्टिस फिंब्रिएटा या बुरशीमुळे होणाऱ्या मरीचे ते ठळक लक्षण आहे. खोडावर बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याच्या, म्हणजे शॉट होल बोररच्या, खुणाही होत्या. हा भुंगेरा रोगट झाडावरून निरोगी झाडावर बुरशी नेतो.

खरी माहिती मिळाली ती दुसऱ्या, हिरव्या दिसणाऱ्या झाडाच्या मुळांवरून. ड्रिपरखालची माती हलकेच बाजूला केल्यावर कोवळ्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी माळेसारख्या लागलेल्या होत्या. या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरून राहणाऱ्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींच्या. एक मादी चिकट पुंजक्यात साधारण तीनशे ते पाचशे अंडी घालते आणि उबदार, ओलसर मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. ताणाचे दिवस सोडले तर ड्रिपरखाली सतत ओल राहत असल्यामुळे त्यांना फारसा खंड पडत नव्हता. सूत्रकृमीने मुळाला केलेली इजा हीच सेरॅटोसिस्टिस आणि फ्युजॅरियम या बुरशींसाठी आत शिरण्याची वाट ठरते. मरीची बुरशी फक्त खोडात शोधली तर हा पहिला दुवा निसटतो.

याच झाडाच्या मुळांचा पसाराही पाहण्यासारखा होता. तंतुमुळे ड्रिपरभोवतीच्या ओल्या गोळ्यात दाटलेली आणि त्याबाहेर जवळजवळ काहीच नाही. मुळातून पाझरणाऱ्या शर्करा आणि आम्लांवर जगणारे जिवाणू मुळाजवळच वाढतात. मुळेच एवढ्याशा जागेत कोंडली गेली, तर जीवसृष्टीही तिथेच कोंडली जाते आणि तिच्याबरोबर रोगकारक जीवही. बाकीची नव्वद टक्के जमीन नावाला बागेत होती. खालच्या अंगाला फूटभर खोलीवर मातीचा रंग करडा झालेला होता आणि तिला कुजकट वास येत होता. तिथे वाफसा येत नव्हता, म्हणजेच हवा नव्हती. ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशीला हवा लागते. पाणी साचलेल्या मातीत ती सोडणे म्हणजे माशाला माळावर सोडण्यासारखेच.

नंतर ढेकळांची परीक्षा घेतली. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. बागेतल्या पट्ट्यातले एक आणि बांधावरच्या कडुनिंबाखालचे एक, अशी सुपारीएवढी दोन वाळलेली ढेकळे पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांत जाळीवर अलगद ठेवली. बागेतले ढेकूळ बुडबुडे सोडत बघता बघता खचले आणि तळाशी मातीचा ढीग झाला. बांधावरचे ढेकूळ चहा पिऊन होईपर्यंत जसेच्या तसे होते. दोन्ही माती एकाच शेतातली, एकाच जातीची. फरक इतकाच की बांधावर नांगर चालत नाही, पालापाचोळा पडतो आणि गवताची मुळे असतात. बुरशीचे तंतू आणि जिवाणूंनी सोडलेला चिकट द्रव यांनी मातीचे कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात, आणि ती पकड बांधावर शाबूत होती.

इथे एक शंका घेणे आवश्यक होते. बोअरच्या पाण्यातल्या सोडियममुळे जमीन चोपण झाली असेल तरीही ढेकूळ विरघळते, आणि तसे असेल तर त्यावरचा इलाज वेगळा, जिप्समचा आहे. दोन्हीतला भेद पाण्याच्या रंगावरून कळतो. चोपण मातीचे पाणी तासन् तास गढूळ राहते, कारण चिकणमातीचे कण सुटे होऊन तरंगत राहतात. या ग्लासातले पाणी थोड्या वेळात निवळले. म्हणजे ढेकूळ खचले ते सोडियममुळे नव्हे, आतली सेंद्रिय बांधणी गेल्यामुळे. खालच्या बांधालगतचा नमुना मात्र बराच वेळ गढूळ राहिला. तेवढ्या पट्ट्यात दोन्ही दुखणी एकत्र होती.

बाटलीचा हिशेब

पुतण्याने औषधांच्या तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या, हे या प्रकरणाचे भाग्यच म्हणायचे. त्या वहीतून एक क्रम उघड झाला. ट्रायकोडर्मा ठिबकमधून सोडल्यानंतर त्याच आठवड्यात, मर वाढतेय म्हणून घाबरून, कार्बेन्डाझिमची आळवणी केलेली होती, म्हणजे त्याचे द्रावण झाडाच्या बुडाशी ओतले होते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे; औषधाला मित्र कोण आणि शत्रू कोण हे कळत नाही. दुसऱ्या एका वेळी तेल्या रोगाच्या बंदोबस्तासाठी झाडाखाली ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर लगेच सुडोमोनास सोडला होता. तेल्या हा जिवाणूजन्य रोग असल्यामुळे बागेचा पृष्ठभाग निर्जंतुक करण्याची शिफारस योग्यच आहे आणि तिच्याविरुद्ध येथे काही म्हणायचे नाही. तिचा परिणाम मुख्यतः वरच्या थरात आणि थोडा काळ राहतो. परंतु त्यानंतर पुरेसे अंतर न ठेवता जिवाणू सोडणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

याहून मूलभूत अडचण आकड्यांची आहे. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप जिवाणू खतात एका मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवाणू असावे लागतात. एकरी एक लिटर सोडले, तर एकूण जिवाणू झाले दहा हजार कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. आता एका एकरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन साधारण साडेआठ लाख किलो भरते. दहा हजार कोटी जिवाणू तेवढ्या मातीत सारखे वाटले, तर एका ग्रॅममागे सव्वाशेही येत नाहीत. त्याच एका ग्रॅम मातीत आधीपासून राहणारे जिवाणू, कर्ब कमी असला तरी, कोटींच्या घरात असतात. ठिबकमुळे सोडलेले जिवाणू मुळाजवळ केंद्रित होतात हे खरे, आणि म्हणून प्रत्यक्ष प्रमाण यापेक्षा बरे असते. तरीही नवखा जीव मूठभर आणि स्थानिक जीव अफाट, हे चित्र बदलत नाही. तो तिथे टिकतो तो संख्येच्या बळावर नाही. त्याला खायला मिळाले, मुळाचा आसरा मिळाला आणि हवामान मानवले, तरच तो वाढतो.

ट्रायकोडर्माला किंचित आम्लधर्मी माती आणि पंचवीस ते तीस अंश तापमान मानवते. आठच्या वर सामू असलेल्या, उन्हाने भाजलेल्या मातीत ती थेट सोडली तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. हीच बुरशी शेणखतात आधी वाढवून मग दिली तर तिच्यासोबत तिचे अन्नही जाते आणि सभोवतालचा सामूही थोडा सौम्य असतो. बॅसिलस आणि सुडोमोनास या जिवाणूंना अल्कधर्मी माती तुलनेने बरी चालते. दुकानात या फरकाबद्दल कोणी बोलत नाही. तिथे सगळ्या बाटल्या एकाच फळीवर असतात आणि सगळ्यांवर 'उत्पादन वाढवा' असेच लिहिलेले असते.

जीवामृताबद्दलही इथे एक मत नोंदवावेसे वाटते. गूळ, बेसन, शेण आणि गोमूत्र यांच्या मिश्रणात जिवाणू झपाट्याने वाढतात, यात शंका नाही. गूळ-बेसनाचे अन्न संपले की ती वाढही ओसरते. ज्या जमिनीत पालापाचोळा, मुळे आणि अर्धवट कुजलेला काडीकचरा आहे, तिथे जीवामृताने सुरू झालेल्या हालचालीला पुढे अन्न मिळते. उघड्या, रिकाम्या जमिनीत मिळत नाही. या बागेत जीवामृत नियमित होते आणि पट्ट्यात काडीकचरा अजिबात नव्हता.

काय केले आणि कोणत्या क्रमाने

पहिले काम जीवशास्त्राचे नव्हते, पाण्याचे होते. खालच्या बांधालगत चर काढून तुंबलेल्या पाण्याला वाट करून दिली. ठिबकच्या दोन नळ्या करून ड्रिपर खोडापासून दूर, झाडाच्या सावलीच्या कडेला नेले, आणि वरच्या व खालच्या अंगाचे व्हॉल्व्ह वेगळे केले. थोरल्या भावांना खर्चापेक्षा ड्रिपर खोडापासून दूर नेण्याची भीती वाटत होती. "बुडाला पाणी नाय मिळालं तर झाड जगंल कसं?" हा त्यांचा सवाल होता, आणि माळावरच्या तिसऱ्या झाडाची लांबवर गेलेली पांढरी मुळे उकरून दाखवल्यावरच त्यांनी परवानगी दिली.

मेलेली झाडे मुळांसकट काढून जाळली. त्यांच्या शेजारच्या झाडांना शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकाची आळवणी आणि सूत्रकृमींसाठी एकदा रासायनिक औषध दिले. रसायन वर्ज्य मानणाऱ्या वाचकांना हे खटकेल. परंतु बुरशी लाकडात शिरलेली असताना आणि गाठींनी मुळे भरलेली असताना केवळ सेंद्रिय उपायांची वाट पाहिली असती, तर पट्टा वर सरकत राहिला असता. अट एकच घातली : आळवणीनंतर काही आठवडे कोणतेही जैविक औषध सोडायचे नाही. दोन्ही खर्च एकमेकांना मारतात, हे वहीतल्या नोंदींवरूनच पुतण्याला पटले होते.

त्यानंतर अन्नाची सोय. रोटाव्हेटर बंद केला आणि मृगाच्या पावसावर दोन ओळींमध्ये ताग पेरला. ताग फुलावर आला की कापून जागच्या जागी पसरायचा, गाडायचा नाही. ताग निवडण्याचे दुसरे कारण असे की गाठी करणारी सूत्रकृमी त्यावर नीट वाढत नाही. गादीवाफ्यांच्या कडेला झेंडू लावला. त्याच्या मुळांतून अल्फा-टर्थायनिल हे द्रव्य सुटते आणि ते सूत्रकृमींना घातक असते. पूर्वी याच पट्ट्यांत सुरुवातीच्या वर्षांचा खर्च निघावा म्हणून टोमॅटो आणि मिरची घेतली होती. ही दोन्ही पिके सूत्रकृमींची आवडती आहेत, आणि बागेत त्यांचा शिरकाव कदाचित तेव्हापासूनचा असावा.

आच्छादनाचा प्रश्न अधिक अवघड होता. डाळिंबाचा स्वतःचा पालापाचोळा झाडाखाली ठेवता येत नाही, कारण तेल्याचे जिवाणू त्यावर टिकतात. तो गोळा करून जाळावाच लागतो. म्हणजे ज्या पिकाला कर्बाची सर्वाधिक गरज, त्याचाच पाला त्याला देता येत नाही. कर्ब बाहेरून आणणे भाग होते. उजनी धरणाच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस भरपूर आणि त्याचे पाचट अजूनही बऱ्याच ठिकाणी फडातच पेटवले जाते. भीमाकाठच्या नातेवाइकांच्या फडातून पाचट आणले, केवळ भरणी आणि वाहतूक एवढ्याच खर्चात.

पाचट थेट पसरले तर मातीतल्या जीवांची वेगळीच ओढाताण होते. त्यात कर्बाच्या मानाने नत्र फारच थोडे असते. जिवाणूंना खाण्यात नत्राच्या साधारण चोवीसपट कर्ब लागतो. पाचटात तो त्याच्या कितीतरी पट जास्त. अशा वेळी जिवाणू आपली नत्राची भूक मातीतून भागवतात आणि झाड काही काळ पिवळे दिसते. शेतकरी घाबरून युरिया वाढवतो किंवा पाचटच काढून टाकतो. त्यासाठी टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक ही उसातली प्रचलित शिफारस आधारभूत धरली, मात्र स्फुरद आधीच जास्त असल्यामुळे सुपर फॉस्फेट वगळले आणि नत्राचा काही भाग लेंडीखतातून दिला. या भागात मेंढरे बसवण्याची जुनी पद्धत अजून आहे. रिकाम्या रानात धनगरांचा कळप काही रात्री बसवला की लेंडी आणि मूत्र जागेवरच मिळते आणि वाहतुकीचा खर्च वाचतो. बागेशेजारच्या पडीक तुकड्यात मेंढरे बसवून ते खत नंतर उचलले. ताजे शेण थेट झाडाला घालण्याची सवय मात्र मोडली, कारण त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी येते.

जैविक औषधे आली ती सर्वांत शेवटी. सावलीत, कुजलेल्या शेणखताच्या ढिगात ट्रायकोडर्मा मिसळून, ओल राखून आणि अधूनमधून ढीग हलवून दोन आठवडे वाढवला आणि सप्टेंबरच्या ओलीवर आच्छादनाखाली दिला. सूत्रकृमींच्या अंड्यांवर वाढणारी बुरशी, जी दुकानात पॅसिलोमायसिस नावाने मिळते, ती निंबोळी पेंडीत मिसळून गादीवाफ्यावर घातली. ठिबकमधून स्फुरदयुक्त विद्राव्य खते देणे पुढच्या माती परीक्षणापर्यंत थांबवले. बाटल्यांची संख्या आधीच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाली.

दोन हंगामांनंतर

वरच्या आणि मधल्या भागात मरीचा पट्टा पुढे सरकायचा थांबला. खालच्या बांधालगत मात्र आणखी काही झाडे गेली. जिथे हवेचा आणि सोडियमचा दुहेरी प्रश्न होता, तिथे चर काढूनही उशीर झालेला होता. शेवटी त्या बाजूच्या ओळी काढून टाकण्याचा निर्णय झाला. बदल एकाच वेळी अनेक झाल्यामुळे श्रेय पाण्याच्या फेरबदलाला किती, तागाला किती आणि ट्रायकोडर्माला किती, हे वेगळे काढता येत नाही. माझा कल पाण्याला पहिला क्रमांक देण्याकडे आहे.

तुलनेची एक संधी मात्र अनायासे मिळाली. पाचटात उंदीर होतात आणि ते नळ्या कुरतडतात, ही तक्रार खरी आहे; आच्छादनाखाली फुटलेली नळी चटकन दिसतही नाही. विहिरीलगतच्या दोन ओळींत हा त्रास फार झाल्यामुळे थोरल्या भावांनी तिथले पाचट उचलून टाकले. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आच्छादित ओळींतले आणि या दोन ओळींतले ढेकूळ ग्लासात ठेवून पाहिले. पाचटाखालचे ढेकूळ बांधावरच्या ढेकळाइतके टिकले नाही, पण सावकाश, कडेकडेने खचले. उघड्या ओळीतले पूर्वीसारखेच झटक्यात बसले. पाचट बाजूला केल्यावर मातीच्या अगदी वरच्या थरात, जिथे पूर्वी उन्हामुळे मूळ फिरकत नव्हते, तिथे पांढरी तंतुमुळे पसरलेली होती, त्यांच्यावर गाठी तुरळक होत्या, आणि कुजलेल्या पाचटाच्या तळाशी गांडुळांची विष्ठा दिसत होती.

सेंद्रिय कर्बाचा आकडा नव्या अहवालात फारसा हलला नाही आणि त्यामुळे घरात थोडी निराशा झाली. ती अपेक्षा मुळात जास्त होती. साडेआठ लाख किलो मातीत कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे साडेआठशे किलो कर्ब जमिनीत टिकवायचा. एक टन ओलसर शेणखतातून साधारण दीडशे किलो कर्ब येतो आणि आपल्या उष्ण हवेत त्याचा पाचवा हिस्सा वर्षभराने उरला असे धरले, तर एवढ्या वाढीसाठी एकरी पंचवीस ते तीस टन शेणखत लागेल. तेवढे शेण आज कोणाच्या गोठ्यात आहे? जो कर्ब जळून जातो तो वाया जात नाही. त्याच्यावरच वर्षभर मातीतले जीव जगतात. म्हणूनच अहवालातला आकडा स्थिर असताना ढेकूळ आणि मुळे बदललेली दिसू शकतात. कर्बाचा आकडा वाढण्याची वाट पाहून पाचट थांबवू नये, एवढाच याचा व्यावहारिक अर्थ.

उरलेला प्रश्न बहाराचा आहे. मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये ताण दिला की तंतुमुळे वाळतात आणि मातीतले जीव मोठ्या संख्येने मरतात किंवा सुप्त होतात. नंतर पहिले पाणी मिळताच मेलेल्या जीवांवर जगलेले जीव तुटून पडतात आणि नत्र एकदम मोकळे होते. कोरडी माती भिजल्यावरची ही उसळी एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये सविस्तर मांडली होती. ताणानंतर बाग जोमाने फुटते त्याला झाडात साठलेल्या अन्नाबरोबर हेही एक कारण आहे, पण दरवर्षी भाजून काढलेल्या जमिनीला ही उसळी मातीतला कर्ब खर्चूनच परवडते. पाचटाखाली ताण दिला तर जमीन कमी तापते, मात्र ओल टिकल्यामुळे ताण बसायलाही जास्त दिवस लागतात, असा अनुभव पहिल्याच वर्षी आला.

पुतण्याचे म्हणणे हस्त बहाराकडे, म्हणजे पावसाळा संपताना धरायच्या फुलोऱ्याकडे, वळावे असे आहे. तसे केल्यास फळे पावसाळ्यात झाडावर नसतील, तेल्याचा जोर कमी राहील आणि जून ते ऑगस्टपर्यंत ताग निर्धास्त वाढवता येईल. अडचण अशी, की हस्ताचा ताण पावसाळ्यातच द्यावा लागतो आणि काळ्या रानात तो बसत नाही. परंतु खालच्या ओळी काढल्यामुळे उरलेली बाग आता बहुतेक मुरमाड भागातच आहे आणि तिथे चार दिवस उघडीप मिळाली तरी जमीन सुकते. थोरल्या भावांना हस्ताच्या फळांचा भाव आणि उन्हाळ्यातले बोअरचे पाणी यांची धास्ती आहे, कारण हस्ताची फळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत पोसावी लागतात. सध्या ठरले आहे ते असे : माळाकडची एक एकर यंदा हस्तावर धरायची, बाकीची मृगावर, आणि खालच्या रिकाम्या पट्ट्यात पुढची दोन वर्षे रब्बी ज्वारी व पावसाळ्यात ताग घ्यायचा. तिथे पुन्हा डाळिंब लावायचे की नाही, याची चर्चा ज्वारीच्या मुळांशेजारचे ढेकूळ ग्लासात टाकून झाल्यावर.